धुण्याच्या दगडावरचा माग

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाने बहिणीऐवजी आमचा धुण्याचा दगड पसंत केला, ही गोष्ट आमच्या गावठाणात अजून सांगतात. मात्र जो तो ती चुकीची सांगतो. कुणाच्या गोष्टीत दगडावर मरियामाउलीचा चेहरा उमटलेला असतो, कुणाच्या गोष्टीत मुलाच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो, आणि परवा एका बाप्तिस्म्याच्या जेवणात शेजारी बसलेल्या बाईने ती मलाच ऐकवली, तेव्हा तो दगड चक्क मूर्ती झाला होता. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि मुलांचे निबंध तपासले. चुकीचं कानावर पडलं की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. म्हणून हे लिहायला घेतलं. रेजिना, म्हणजे आमची रेजी, आता ऐंशीला टेकली आहे. तिला फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही गो. पण मला त्यात रडकी करू नको. मी रडले नव्हते." ती रडली होती, पण ते ओघात येईल.

आमचं गावठाण जोगेश्वरीच्या गुंफांच्या पलीकडे. आम्ही तिथले मूळचे, म्हणजे आमच्याआधी तिथे कोण होतं हे आम्हाला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. धर्माने ख्रिस्ती, बोलीने मराठी, आणि पोटाने भात-मासळीवाले. शेतांपैकी अर्धी सरकारने कारखान्यांसाठी घेतली होती आणि उरलेली अर्धी कधी घेतात त्याची वाट बघत पापा गोदीत कारकुनी करत होते. गावात कुणी मोजणीची टेप घेऊन उभा दिसला की त्यांना घाम फुटायचा. परसात विहीर होती, आजोबांनी खणलेली. वरचा काळा कातळ सुरुंगाने फोडावा लागला आणि त्याच्या खाली पाटीसारखा, थराथराचा दगड लागला, असं आजी सांगायची. त्या थरातली एक रुंद लादी वर काढून आजोबांनी विहिरीच्या काठाशी बसवली आणि तेव्हापासून घरातल्या बायका तिच्यावर कपडे आपटत आल्या. पलीकडे खाण होती. दुपारी तिथे आधी शिट्टी वाजायची, मग सुरुंग उडायचा, फडताळातल्या बश्या खणखणायच्या, आणि आई घड्याळाकडे न बघता भाताचं भांडं चुलीवरून उतरवायची. घराला हादरा बसला नाही त्या दिवशी आमचं जेवण हमखास उशिरा व्हायचं.

मे महिना म्हणजे दोन कामं, मसाला आणि चुना. बाटली मसाल्याच्या मिरच्या अंगणात वाळत पडायच्या, कुटणाऱ्या बायका उखळाभोवती बसून घाव घालत गाणी म्हणायच्या, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस, अगदी पाद्रीबाबासुद्धा, शिंकत जायचा. कुटलेला मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरला की वर्षाची निश्चिंती. त्याच महिन्यात नाक्यावरच्या क्रुसासमोर लादीन व्हायची, रोज संध्याकाळी प्रार्थना आणि नंतर वाटलेले चणे. लादिनीच्या आधी क्रुसाला चुना लावायचा. आता चुना एकदा भिजवला की उरतोच. उरला की आई तो वाया कसा जाऊ देणार? क्रुसानंतर ओटा, ओट्यानंतर विहिरीचा कठडा, मग माडांचे बुंधे. आमच्या गावठाणात मे महिन्यात एका जागी उभं राहणाऱ्याने जपून राहावं असं पापा म्हणायचे. त्या वर्षी पाहुणे येणार म्हणून आईने धुण्याच्या दगडालाही चुना फासला.

पाहुणे म्हणजे स्थळ. ते आणलं कातारीन काकीने. ही आमची सख्खी काकी नव्हे, गावाची काकी. तिचं घर आमच्या परसाला लागून आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या विहिरीवर उघडणारी. त्या खिडकीतून तिने जेवढं पाहिलं आणि जेवढं सांगितलं, त्यात दुसरं नेहमी जास्त असायचं. "मुलगा कॉलेजात लेक्चरर हाय," ती आईला म्हणाली. "दगडांचा."

"दगडांचा म्हंजे? खाणीत हाय?"

"नाय गो. दगडांविषयी शिकवतो."

"दगडांत शिकवण्यासारखं काय असतं?" पापांनी विचारलं. काकीला ते माहीत नव्हतं, पण मुलाचं घर वांद्र्याकडे होतं आणि घरात इंग्रजी बोलतात एवढं तिने ठासून सांगितलं. हे फार मोठं होतं. आमच्या लोकांत त्या वेळी इंग्रजीची साथ आली होती. ज्यांना येत होतं ते एकमेकांशी इंग्रजीत बोलायचे आणि ज्यांना येत नव्हतं ते निदान कुत्र्याशी बोलायचे. मी सोळा वर्षांची होते, मराठी शाळेत मॅट्रिकला, आणि नाकाने कांदे सोलणाऱ्या लोकांबद्दल माझी मतं तेव्हाच पक्की झाली होती.

रेजी पंचविशी ओलांडलेली. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. रंगाने काळी, आणि आमच्याकडे काळ्या रंगाला 'सावळा' म्हणायची सभ्यता फक्त मुलांच्या बाबतीत पाळतात. याआधीची स्थळं आली, फुगे खाऊन गेली आणि पुन्हा दिसली नाहीत. फुगे म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल, मऊ वडे, आंबवलेल्या पिठाचे. पाहुण्यांना ते फार आवडतात. आई आता कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टरशी हळू आवाजात बोलू लागली होती. हे स्थळ गेलं तर रेजीला मठात द्यायची असं तिच्या मनाने घेतलं होतं. रेजीला देवाबद्दल तक्रार नव्हती, पण पहाटे उठायचा तिला मनस्वी कंटाळा होता, आणि पांढरे कपडे तिला शोभत नाहीत असं लोकांनीच तिला सांगून ठेवलं होतं. "मना मठात नाय जायचं," ती रात्री अंथरुणात मला म्हणाली. "तू काय पण कर, पण उद्या त्या लोकांसमोर तोंड बंद ठेव." मी शब्द दिला आणि जमेल तेवढा पाळला.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ते आले. मुलाचं नाव एडविन. उंच, वाकलेला, चष्मा, आणि बूट धुळीने माखलेले. सोबत त्याची मम्मी, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, हातात पंखा. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, जणू उरलेली खुर्ची आमची होती. आई लुगड्यात होती. मम्मीने आईला इंग्रजीत काहीतरी विचारलं. आई हसली. मम्मीने रेजीला इंग्रजीत काहीतरी विचारलं. रेजीने बशी पुढे केली. मग पापांनी गोदीतलं इंग्रजी बाहेर काढलं, "यस यस, व्हेरी व्हेरी," आणि संभाषण तिथेच थांबलं, कारण व्हेरीच्या पुढे काय ते पापांनाही माहीत नव्हतं. एडविन मात्र मन लावून फुगे खात होता. कोंबडीच्या रश्श्यात बुडवून एकामागून एक. हात तेलाने माखले तेव्हा त्याने चक्क मराठीत विचारलं, "हात कुठे धुऊ?" रेजी त्याला विहिरीवर घेऊन गेली. मम्मीने पंखा जोरात हलवला.

ते दोघं बराच वेळ आले नाहीत. मम्मी इंग्रजीत म्हणाली की एडविन लाजाळू आहे, एवढं मलाही कळलं. शेवटी पापांनी डोळ्यांनीच मला बाहेर पाठवलं. बघते तर काय, एडविन धुण्याच्या दगडासमोर गुडघ्यांवर बसलेला, पँट ओली, चष्मा कपाळावर, नाक दगडाला टेकलेलं, आणि रेजी बादली धरून उभी. झालं होतं असं. आईने दगडाला चुना फासला खरा, पण सकाळी रेजीने सवयीने त्यावर पापांचा शर्ट घासला. वरचा चुना निघून गेला आणि दगडातल्या खाचांत तेवढा राहिला. काळ्या दगडावर पांढऱ्या बारीक रेघा, वेलांट्या घेत गेलेल्या, कुठे सरळ, कुठे गुंतवळ झालेल्या. आमच्या तीन पिढ्यांच्या बायका त्या दगडावर धुणं धूत होत्या, पण रेघा कुणाला दिसल्या नव्हत्या, कारण कुणी दगडाला कधी चुना लावला नव्हता.

"ह्या रेघा कधीपासून आहेत?" एडविनने विचारलं.

"आज सकाळपासून," रेजी म्हणाली. "चुना राहिलाय. घासून काढते."

"नका, नका. चुना नाही, खाली खाच आहे. किड्याचा माग आहे हा. इथे चिखल होता, पाण्याखालचा. त्यावरून किडा गेला."

रेजी खाली वाकली. "कसला किडा?"

"गांडुळासारखा काहीतरी. नक्की नाही सांगता येत. अंग मऊ, हाडं नाहीत, कवच नाही. मेला की काहीच उरत नाही त्याचं. चालला तेवढं उरलं."

"मग तो कोण होता ते कळतच नाही?"

"कोण ते नाही कळत," एडविन म्हणाला. "कसा वागला ते कळतं."

इतका वेळ मुलगा परत येत नाही म्हटल्यावर मम्मी स्वतः त्याला आणायला निघाली. मागच्या दाराच्या पायरीवर ओला चुना होता. तिचा पाय सरकला, अंगठा कठड्यावर आपटला आणि तिच्या तोंडून निघालं, "अगो माझे आये, मेले गो!" अगदी आमच्या बोलीत, आमच्या हेलात, आमच्याच मुलखात जन्मलेल्या बाईचं. आईचा चेहरा उजळला. ती धावत पुढे झाली आणि "लागलं का गो बाय?" म्हणून तिचा पाय धरायला वाकली. मम्मीने पाय मागे घेतला आणि त्यानंतर ती अधिकच भराभर इंग्रजी बोलू लागली.

हे सगळं कातारीन काकीने खिडकीतून पाहिलं होतं, पण तिला ऐकू काहीच आलं नव्हतं. सिनेमात साहेबलोक मुलीला मागणी घालताना गुडघ्यावर बसतात हे तिला माहीत होतं. वांद्र्याकडच्या इंग्रजी बोलणाऱ्या घरातला मुलगा, समोर रेजी, आणि मुलगा गुडघ्यांवर. एक नाही, दोन्ही गुडघ्यांवर. आणखी काय हवं? पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत अख्ख्या गावठाणाला कळलं की लेक्चररने विहिरीवर रेजीचा होकार मागितला. संध्याकाळी लादिनीला चणे वाटताना बायका आईला मिठ्या मारत होत्या. बँडवाल्यांचा म्होरक्या येऊन पापांना विचारून गेला की उंबराच्या पाण्याला ढोल एक लागेल की दोन. उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात तो आमचा सोहळा. पापांनी घाबरून "दोन" सांगितलं. रेजीने कुणाला काहीच सांगितलं नाही. "तो किडा बघत होता," असं मी एकटीच ओरडून सांगत होते आणि लोकांना वाटत होतं की मी त्याला किडा म्हणतेय.

पुढच्या रविवारी एडविन पुन्हा आला, एकटा, आणि सरळ परसात गेला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. आई दर वेळी फुगे करायची, तो दर वेळी ते दगडाशेजारी बसून खायचा. रेजी चुन्यात बोळा बुडवून खाचांतून फिरवायची आणि वरचा पुसून काढायची. जिथे पुसेल तिथे नवी रेघ उगवायची. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता. त्याने घासलं की पांढरे डाग पडायचे, तिने घासलं की माग दिसायचा. मी मिरच्यांची देठं काढायच्या निमित्ताने जवळ बसायचे, कारण दोघांना एकटं सोडायचं नाही ही आईची आज्ञा होती आणि माझी हौसही.

त्याचं बोलणं मला आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. जमिनीतून लाव्हा आला, पसरला, थंड झाला, असं तो सांगायचा. मग पुष्कळ काळ काहीच घडलं नाही. खोलगट जागी पाणी साचलं, तळाशी बारीक गाळ बसला. त्या गाळावर किडे चरले. मग पुन्हा लाव्हा आला, सगळ्यावर पसरला, आणि खालचा चिखल विटेसारखा भाजून निघाला. "म्हणजे दोन आगींच्या मधली ही सुट्टी आहे," तो म्हणाला होता. पाणी वाहतं असतं तर माग पुसला गेला असता, म्हणजे ते संथ होतं. तळाशी किडा जगत होता, म्हणजे तिथवर हवा पोचत होती, म्हणजे पाणी फार खोल नसावं. साडेसहा कोटी वर्षं झाली याला, असं त्याने सांगितलं तेव्हा आई बादली ठेवून म्हणाली, "म्हंजे माझ्या सासूच्याही आधीचा." पापांना एवढीच काळजी की आपल्या परसात तळं होतं हे सरकारला कळलं तर ते तळं म्हणून जमीन ताब्यात घेतील का.

"तो इथे असा गरगर का फिरला?" रेजीने एकदा विचारलं.

"इथे खायला भरपूर होतं. मिळतंय तोवर तो तिथल्या तिथे वळत राहतो."

"आणि इथे सरळ गेला."

"इथे काही मिळालं नाही, मग निघून गेला."

"आमच्याकडे येणारे पाहुणे असेच," रेजी म्हणाली. एडविन मोठ्याने हसला. तो हसला की बरा दिसायचा. रेजी हसली नाही, पण त्या रात्री तिने मला विचारलं, दगडांवर मराठीत पुस्तक मिळतं का. मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की मठाची गोष्ट आता तिच्या डोक्यात नाही, दुसरीच आहे.

एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. शिंपला सापडला म्हणून तो प्राणी तिथेच राहत होता असं म्हणता येत नाही. मेल्यावर शिंपला वाहत कुठूनही कुठे जातो. हाडंही जातात. पण माग वाहून जात नाही. जिथे काढला तिथेच राहतो. त्या जागेबद्दल खरी साक्ष फक्त मागच देतो. हे सांगताना त्याचा आवाज चढायचा, आणि रेजी पाद्रीबाबाच्या प्रवचनालाही कधी दिलं नसेल एवढं लक्ष देऊन ऐकायची.

शेवटच्या रविवारी त्याने कॉलेजचा कॅमेरा आणला. दगड किती मोठा आहे ते फोटोत कळायला शेजारी काहीतरी ठेवावं लागतं, हातोडी किंवा नाणं. हातोडी तो विसरला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि रेजीला म्हणाला, "तुमचा हात ठेवा." तिने ठेवला. "बांगडी काढा." तिने काढली. मग त्याने तिचं मनगट धरून हात थोडा सरकवला, बोटं एकेक करून सरळ केली, आणि मागे होऊन फोटो काढला. कातारीन काकीच्या खिडकीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. रेजीने बांगडी पुन्हा घातली नाही. संध्याकाळभर ती तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवली होती. आज वाटतं, एखाद्या मुलीचा हात असा धरायचा असेल तर आधी पुढचं काय ते ठरवून यावं. पण लेक्चरर लोकांना एवढं कुणी शिकवत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी कातारीन काकी आली ती मागच्या दाराने. तिचं तोंड पडलं होतं. मम्मीचा निरोप होता. मुलगी चांगली आहे, हाताला कामसू आहे, पण इंग्रजी नाही, आणि जरा जास्तच... काकीने स्वतःच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. मुलाला पुढे परदेशी जायचंय. तेव्हा माफ करा. आणि, काकी छताकडे बघत म्हणाली, एडविनची एक विनंती आहे. तो दगड कॉलेजला दिलात तर फार उपकार होतील. उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाला.

पापा म्हणाले, "देऊन टाक दगड. निदान माणसं दुखवायला नको." आमचे पापा असे. त्यांना तोंडात मारलं तर ते समोरच्याच्या हाताला लागलं नाही ना, ते बघायचे. आई म्हणाली, मी धुणं कशावर धुऊ, त्याच्या मम्मीच्या डोक्यावर?

सकाळी खरोखरच हातगाडी आली. दोन हमाल, एक पहार, दोरखंड आणि गाडीच्या मागून एडविन. हातात गोणपाट, दगडाला खरचटू नये म्हणून. गल्लीत मिस्सेहून परतणारं अर्धं गावठाण थांबलं. ज्यांनी आईला मिठ्या मारल्या होत्या त्या सगळ्या बायका होत्या, आणि ढोलवाला म्होरक्याही होता. एडविनला वाटलं असावं की दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक मम्मीची आणि एक विज्ञानाची, आणि दुसरीचा पहिलीशी संबंध नाही. तो परसात आला. रेजी दगडावर बसली होती, पायाशी धुण्याची बादली.

"मम्मीचं जरा असं आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी तिला पुष्कळ सांगितलं. पण तिच्यापुढे... तुम्ही समजून घ्याल."

"समजलं," रेजी म्हणाली. "किडा निदान स्वतः चालला होता."

तो लाल झाला. मग दगडाकडे बघून म्हणाला, "कॉलेजात नीट राहील. काचेत ठेवतील. इथे रोज झिजतोय."

"तुम्हीच सांगितलं ना, शिंपला वाहून कुठेही जातो, माग जात नाही. जिथे काढला तिथला असतो म्हणून तर त्याची साक्ष खरी. मग गाडीवर घालून नेलात तर काय राहिलं त्यात? कॉलेजात तळं होतं असं सांगाल मुलांना?"

"तसं नसतं. आम्ही जागेची नोंद करतो."

"जागा इथेच हाय. वाटेल तेव्हा या, बघा. फुगे मात्र मिळणार नाहीत." आणि तिने बादलीतला पापांचा ओला शर्ट काढून दगडावर आपटला. पाणी त्याच्या बुटांवर उडालं. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा हमालांनी पहार उचलून खांद्यावर घेतली. रिकामी हातगाडी गल्लीतून खडखडत गेली. बायकांनी वाट करून दिली आणि कुणीच काही बोललं नाही, जे आमच्या गावठाणात त्याआधी आणि त्यानंतर कधी घडलं नाही. पापा मला हळूच म्हणाले, "टेप नव्हती ना त्याच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी मसाल्याचा शेवटचा घाणा होता. रेजीने त्या दिवशी कारखान्यातून रजा घेतली आणि कुटणारीच्या हातातून मुसळ घेऊन स्वतः कुटायला बसली. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. बायका म्हणाल्या, मिरची यंदा फार तिखट निघाली. ती म्हणाली, हो ना. मी शेजारी बसून चाळत होते. माझे डोळे कोरडे होते आणि मिरची तीच होती.

मठात मात्र ती गेली नाही. "माझं ना त्याने ठरवायचं, ना सिस्टरने," असं तिने आईला सांगून टाकलं. दोन वर्षांनी पास्कलने तिला मागणी घातली. हा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. गुडघे दुखतात म्हणून तो उभ्याउभ्याच विचारता झाला, आणि आधी आईला विचारायचं त्याला सुचलं नाही. उंबराचं पाणी त्याच विहिरीवरून आणलं. ढोल दोन होते. पाणी काढायला बायका त्या दगडावर चढल्या तेव्हा रेजी ओरडली, "पाय जपून गो, खाली माणूस राहतो." नवरी मुलगी डोक्याने बिघडली की काय असं वाटून पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पुढे गावठाणातल्या इतर घरांसारखं आमचंही घर बिल्डरच्या घशात गेलं. विहीर बुजवताना सगळ्यात आधी तो दगड आत ढकलला, मग विटांचा राडारोडा, मग माती, वरून सिमेंट. आता तिथे गाड्या उभ्या असतात. मी कधी तिथून गेले की वाटतं, चला, पुन्हा एक थर बसला.

त्या बिल्डरच्या पुष्कळ आधीची गोष्ट. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि मुलांना घेऊन एका कॉलेजातलं खडकांचं प्रदर्शन बघायला गेले होते. मुलं पुढे पळाली आणि मी एका भिंतीपाशी थबकले. टेबलाएवढा मोठा फोटो होता. आमचा दगड. पांढरे माग इतके स्पष्ट की बोट फिरवावं, आणि शेजारी काळा, सरळ बोटांचा, मनगटाशी कापलेला हात. खाली इंग्रजीत लिहिलं होतं ते मी मनातल्या मनात मराठीत केलं, सवयच ती: संथ, उथळ पाण्याच्या तळाशी चरणाऱ्या किड्यांचे माग, जोगेश्वरी. मापासाठी हात. त्याखाली एडविनचं नाव, पदव्यांसकट.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी रेजीला ओढतच तिथे नेलं. ती फोटोसमोर उभी राहिली. मग तिने आपला हात फोटोतल्या हातावर ठेवून पाहिला. फोटोतला बराच मोठा होता.

"झकास आलाय," ती म्हणाली. "चुना मी लावलेला. कळतंय ना?"

माझा संताप अनावर झाला होता. "मापासाठी हात," मी म्हणाले. "काय माणूस आहे. तुझं नाव तरी लिहायचं होतं त्याने."

"किड्याचं तरी कुठे लिहिलंय?" तिने पदर सारखा केला आणि खालच्या पाटीवरच्या नावाकडे एकदाच बघितलं. "आणि ह्याने तरी स्वतःचं कशाला लिहिलं? कसा वागला ते फोटोत आलंच आहे."